केशरी मागितला, हिरवा आला: एका वाचनालयाच्या वेबपानांचा रंग बदलताना

पार्श्वभूमी

हा शब्द या लेखात दोन अर्थांनी येणार आहे. आधी पहिला अर्थ.

तालुक्याच्या गावातलं एक सार्वजनिक वाचनालय. गावाचं आणि माणसांची नावं गाळली आहेत. मी त्या गावचीच, आता पुण्यात वेबसाइटची कामं करते, आणि शाळेत असल्यापासून त्या वाचनालयाची सभासद आहे. एवढ्या नात्यावर हे प्रकरण माझ्याकडे आलं.

वाचनालयाची वेबसाइट साध्या एचटीएमएलची (वेबपान लिहिण्याची मूळ भाषा), ३८ फायलींची. एका जुन्या सभासदांनी हौसेने केलेली. नवी पुस्तकं, वर्गणीचे दर, व्याख्यानमालेचं वेळापत्रक, सूचना, देणगीदारांची यादी. मजकूर तक्त्यांमध्ये बसवलेला आणि नव्या सूचनेपुढे लाल अक्षरांत 'नवीन'. मागे डेटाबेस नाही, लॉगिनची भानगड नाही. अशा साइट वर्षानुवर्षं चालतात, कारण त्यांच्यात बिघडण्यासारखं फारसं काही नसतंच.

वाचनालयाचं अमृतमहोत्सवी वर्ष सुरू होणार होतं. कार्यकारिणीच्या बैठकीत ठरलं की वर्षभर वेबसाइट केशरी असावी, छापलेल्या निमंत्रणपत्रिकेसारखी. ठराव झाला, इतिवृत्तात नोंद झाली. केशरी म्हणजे नेमका कोणता, त्यावरची अक्षरं कुठल्या रंगाची, हे कोणी विचारलं नाही. संध्याकाळी वाचनालयात अभ्यासाला बसणाऱ्या, बीसीएसच्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलाकडे काम दिलं. "एक रंग तर बदलायचाय," असं त्याला सांगितलं गेलं. त्यात खोटं काही नव्हतं.

काय बिघडलं

मुलाने पहिली फाइल उघडली. वरच त्याला ही ओळ दिसली (फाइलीत कोड रोमन अक्षरांतच असतो, इथे मी तो उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते आहे. बॉडी म्हणजे पानाचा दिसणारा भाग, बीजीकलर म्हणजे त्याच्या पार्श्वभूमीचा रंग; हाच त्या शब्दाचा दुसरा अर्थ):

बॉडी बीजीकलर="व्हाइट"

त्याने केलेला तर्क कोणीही केला असता. पांढऱ्याला व्हाइट लिहिलंय, तर केशरीला सॅफ्रॉन लिहावं. नोटपॅड प्लस प्लसमध्ये सगळ्या फायलींत एकदम शोध-बदल केला, ३८ फायली सर्व्हरवर चढवल्या आणि मोबाइलवर साइट उघडली. ती झगझगीत हिरवी होती. पोपटाला लाजवेल अशी.

त्याला वाटलं, इंग्रजी शब्द चुकला असेल. मग त्याने मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहिला, 'केसरी'. पुन्हा शोध-बदल, पुन्हा ३८ फायली. मोबाइलवर अजून हिरवंच दिसत होतं, कारण ब्राउझरने जुनं पान साठवून ठेवलं होतं. "सर्व्हरला वेळ लागत असेल," असं म्हणून तो घरी गेला. दुसऱ्या दिवशी त्याचं सबमिशन होतं.

सकाळी ग्रंथपाल बाईंनी साइट उघडली तर पान काळं. अक्षरं काळ्यावर काळी, म्हणजे असून नसल्यासारखी. माउसने मजकूर निवडला की तेवढ्यापुरता उमटायचा. लिंका काय त्या अंधुक निळ्या लुकलुकत होत्या. मधूनमधून तक्त्यांचे काही चौकोन मात्र पांढरेफेक, कारण त्या चौकोनांना पूर्वी कोणीतरी स्वतंत्रपणे पांढरा रंग दिलेला. कार्यवाह सरांचा मला फोन आला.

"अगं, काल रात्री हिरवी होती म्हणतात, आज काळी आहे. हॅक झाली का?"

हॅक काही झालेली नव्हती. ब्राउझरने सांगितलं तेच केलं होतं. फक्त ते सांगणं कोणालाच कळलेलं नव्हतं. इथे जरा थांबते, कारण या प्रकरणातला सगळ्यात मजेदार भाग हाच आहे.

रंगाचं नाव ब्राउझरच्या यादीत असेल तर प्रश्नच नाही. व्हाइट, ऑरेंज, मरून ही नावं यादीत आहेत. सॅफ्रॉन नाही. यादीत नसलेलं नाव बीजीकलरमध्ये आलं, तर ब्राउझर ते नाकारत नाही. तो त्याला आकडा समजतो आणि वाचण्याचा प्रयत्न करतो. वेबवर रंगाचा आकडा सोळाच्या पायाने लिहितात: शून्य ते नऊ हे अंक आणि पुढे ए, बी, सी, डी, ई, एफ ही सहा अक्षरं. पहिले दोन अंक लाल रंगाचे, पुढचे दोन हिरव्याचे, शेवटचे दोन निळ्याचे. ब्राउझर काय करतो? शब्दातली ही सहा अक्षरं ठेवतो, बाकी प्रत्येक अक्षराच्या जागी शून्य घालतो. लांबी तिनाच्या पटीत येईपर्यंत शेवटी शून्यं जोडतो, तीन सारखे तुकडे करतो, आणि तुकडा मोठा असेल तर त्यातले दोन अंक उचलतो.

सॅफ्रॉनचं स्पेलिंग सात अक्षरांचं: एस, ए, एफ, एफ, आर, ओ, एन. शून्यं घातल्यावर उरतं ०एएफएफ०००. आणखी दोन शून्यं जोडून नऊ अंक होतात. तीन तुकडे: ०एएफ, एफ००, ०००. प्रत्येकातले पहिले दोन घेतले की लाल १०, हिरवा २४०, निळा ०. २५५ पैकी हिरवा २४० म्हणजे जवळजवळ शुद्ध हिरवा. केशरीच्या इंग्रजी नावात दोन एफ नेमके अशा जागी पडलेत की दुसरा एफ हिरव्याच्या खात्यात जातो!

केसरीमध्ये कामाची अक्षरं दोनच, ई आणि ए. आकडा होतो ०ई०ए००, म्हणजे लाल १४, हिरवा १०, निळा ०. डोळ्यांना काळाच.

नंतर मी आणि त्या मुलाने एक तास यातच घालवला. रोमन अक्षरांत 'भगवा' डब्ल्यू वापरून सहा अक्षरांत लिहिला, तर शेवाळी पिवळा येतो (१७६, १६०, १०). तोच व्ही वापरून आणि मध्ये एक ए वाढवून सात अक्षरांत लिहिला, तर किरमिजी जांभळा (१७६, १०, १६०). 'पिवळा' पाच अक्षरांत लिहिला की गडद निळा. 'हिरवा' लिहिला की अगदी तोच गडद निळा, कारण दोन्हींत उपयोगाचं अक्षर एकच, शेवटचा ए. आणि नाव देवनागरीत टाकलं तर एकही अक्षर बसत नाही, सगळी शून्यं, ठार काळं.

हा काही बिघाड नव्हे. एचटीएमएलच्या अधिकृत नियमावलीत हे नियम ओळीओळीने लिहिलेले आहेत, त्यामुळे सगळे ब्राउझर एकाच चुकीचा एकच रंग दाखवतात. पूर्वी लोकांनी रंगांचे आकडे कसेही लिहून ठेवले होते आणि ती जुनी पानं मोडू नयेत, म्हणून ही सोय जपली आहे. बीजीकलर हा नेटस्केप नॅव्हिगेटरने १९९५ मध्ये आणला. त्याआधी पान बहुधा राखाडीच दिसायचं. जानेवारी १९९७ च्या एचटीएमएल ३.२ मध्ये तो अधिकृत झाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात, एचटीएमएल ४ मध्ये, "आता वापरू नका" या यादीत गेला. वर्षभराचाच मान म्हणायचा. सीएसएस ही पानाचं रंगरूप लिहिण्याची वेगळी भाषा. तिची पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्येच आली होती आणि रंगरूपाचं काम तिच्याकडे द्यायचं ठरलं होतं. २०१४ च्या एचटीएमएल ५ ने बीजीकलर कालबाह्य ठरवला. तरीही तो चालतो. चालतो, म्हणून कोणी काढत नाही.

आता हीच चूक सीएसएसमध्ये झाली असती तर? तिथे अनोळखी नावाला ब्राउझर ती ओळ सोडून देतो. बॅकग्राउंड-कलरपुढे सॅफ्रॉन लिहिलं असतं तर पान पांढरंच राहिलं असतं, आणि ब्राउझरच्या तपासणी खिडकीत त्या ओळीवर काट मारलेली दिसली असती. मुलाला पहिल्याच मिनिटाला कळलं असतं की शब्द चालला नाही. चूक तीच. एका ठिकाणी ब्राउझर गप्प बसून भलतंच करतो, दुसऱ्या ठिकाणी काहीच करत नाही आणि तसं दाखवतो.

पर्याय

माझ्यापुढे चार वाटा होत्या.

पहिली: बीजीकलरमध्येच बरोबर किंमत घालायची. ऑरेंज हे यादीतलं नाव, किंवा सोळाच्या पायाचा आकडा. लाल, हिरवा, निळा हे आकडे आरजीबी कंसात लिहिण्याची रीत मात्र बीजीकलरला कळत नाही, तिचाही तो असाच भलता अर्थ लावतो. पाच मिनिटांचं काम. तोटा हा की वर्ष संपलं की पुन्हा ३८ फायली.

दुसरी: बॉडी टॅगमध्येच स्टाइल लिहायची. सीएसएसची शिस्त मिळते, पण ३८ फायलींचा जाच तसाच.

तिसरी: प्रत्येक पानाच्या हेडमध्ये (फाइलीच्या वरच्या, पडद्यावर न दिसणाऱ्या भागात) स्टाइलचा छोटा ठोकळा. एखाद्याच पानासाठी मी हेच करते. इथे दुसऱ्या वाटेपेक्षा फार सरस नाही.

चौथी: एक वेगळी स्टाइलशीट, म्हणजे फक्त रंगरूपाची सीएसएस फाइल, आणि सगळ्या पानांतून तिला जोडणारी एक ओळ. रंग एका जागी राहतो. ३८ फायलींना एकदाच हात लावावा लागतो.

मी चौथी निवडली, आणि निवड बरोबर होती. पण आधी काय करायला हवं होतं ते मी केलं नाही. सरांना म्हटलं, "दोन दिवस द्या, नीटच करून देते." इकडे साइट काळीच होती. व्याख्यानमालेचं वेळापत्रक बघायला लोक येत होते आणि काळं पान बघून वाचनालयात फोन करत होते. 'केसरी' खोडून 'व्हाइट' लिहायला किती वेळ लागला असता? साइट आधी होती तशी करायची आणि मग सुधारणेला बसायचं, हे मी दुसऱ्यांना शिकवते. स्वतःच्या वाचनालयाच्या वेळी विसरले. दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल बाईंनीच शांतपणे विचारलं, "तोवर पांढरी करता येणार नाही का?" केली. चार मिनिटं लागली.

दुसरा निर्णय रंगाचा होता, आणि तो कोडपेक्षा अवघड गेला. कार्यकारिणीला पूर्ण पान गडद केशरी हवं होतं, त्यावर पांढरी अक्षरं, पत्रिकेवर होती तशी. नमुना म्हणून पत्रिकेचा मोबाइलवर काढलेला फोटो आला. तो ट्यूबलाइटखाली काढलेला, केशरी त्यात विटकरी झालेला. छपाईची शाई आणि पडद्याचा उजेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, फोटोतून रंग उचलून दोन्हींचा मेळ बसत नाही. फोटो मी बाजूला ठेवला आणि नेहमी वापरला जाणारा एक केशरी घेतला: लाल २५५, हिरवा १५३, निळा ५१.

मग मोजलं. मागचा रंग आणि अक्षरांचा रंग यांच्यातला फरक एका गुणोत्तराने मोजतात. काळ्यावर पांढरं म्हणजे २१ ला १, याहून जास्त होत नाही. डब्ल्यूसीएजी या सुगम्यतेच्या निकषांप्रमाणे साध्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५ ला १ हवं, मोठ्या ठळक अक्षरांना ३ चालतं. या केशरीवर पांढरी अक्षरं २.१ भरली. मोठ्या शीर्षकालाही नापास. लाल 'नवीन' १.९ वर, म्हणजे जवळजवळ दिसेनासं. नेहमीची निळी लिंक ४.४, काठावर नापास. काळी अक्षरं मात्र ९.९.

बैठकीत मी हे आकडे वाचून दाखवले. चेहरे कोरेच राहिले. मग सरांना त्यांचाच मोबाइल दिला, पांढरी अक्षरं असलेलं नमुना पान उघडून, आणि म्हटलं, "सर, जरा अंगणात जाऊन वर्गणीचे दर वाचून दाखवा." दुपारचं ऊन होतं. सर चष्मा वर-खाली करत दोन मिनिटं उभे राहिले आणि आत येऊन म्हणाले, "वर पट्टी केशरी ठेव. बाकीचं तुला योग्य वाटेल ते." वाचनालयाचे रोजचे वाचक बहुतेक निवृत्त, सूचना मोबाइलवरच बघणारे. ऊन हा त्यांचा रोजचा अनुभव, गुणोत्तर नव्हे. आकडे आधी आणि ऊन नंतर, हा क्रम मी चुकवला होता.

काय केलं

सगळ्या फोल्डरची आधी प्रत काढली. दोन जुनी पानं युनिकोडच्या (आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेताच्या) आधीची होती, शिवाजी फॉन्टमध्ये टंकलेली. ती वेगळी काढली, कारण घाईत एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) बदललं तर सगळा मजकूर जातो. उरलेल्या पानांच्या बॉडी टॅगमधून बीजीकलर काढला आणि हेडमध्ये स्टाइलशीट जोडली.

खरं तर बीजीकलर न काढताही रंग बदलला असता. सीएसएसमधला नियम आणि बीजीकलर यांचं भांडण झालं तर सीएसएस जिंकतं. तरी काढला. स्टाइलशीट कधी लोड झाली नाही तर खालून 'केसरी' पुन्हा वर यायला नको होता.

स्टाइलशीटमधला मुख्य भाग एवढाच:

बॉडी { बॅकग्राउंड-कलर: कॉर्नसिल्क; कलर: ब्लॅक; }

कॉर्नसिल्क हे यादीतलं नाव आहे, कणसाच्या रेशमासारखा फिका पिवळसर: २५५, २४८, २२०. केशरी पट्टीखाली तो उपरा वाटत नाही. त्यावर काळी अक्षरं १९.७ भरतात, निळी लिंक ८.८. 'नवीन'चा झगझगीत लाल इथेही ३.८ वरच अडकत होता, म्हणून तो गडद केला (१५३, ०, ०), तो ८.४ झाला. वरची पट्टी केशरी, तिच्यावर वाचनालयाचं नाव काळ्या ठळक अक्षरांत.

अक्षरांचा रंग मुद्दाम लिहिला. काळा तर आपोआप असतोच, मग कशाला? कारण काही वाचकांनी आपल्या ब्राउझरमध्ये अक्षरांचा रंग स्वतः बदलून ठेवलेला असतो. त्यांची फिकी अक्षरं आपल्या फिक्या पानावर आली की पुन्हा तीच गत. मागचा रंग देणाऱ्याने पुढचाही द्यावा.

तक्त्यांच्या चौकोनांना दिलेले पांढरे बीजीकलर शोधून काढायला सगळ्यात जास्त वेळ गेला. कुठे ते आकड्यात लिहिलेले, कुठे नावाने, कुठे अवतरणचिन्हांत, कुठे त्यांच्याविना. एका शोध-बदलात ते सगळे सापडणं शक्य नव्हतं. ते राहिले की फिक्या पिवळ्या पानावर पांढरी ठिगळं दिसत.

मग माझी दुसरी चूक. स्टाइलशीट कोरी सुरू न करता मी माझ्या नेहमीच्या फाइलीची प्रत घेतली होती. तिच्यात वरच एक ओळ असते जी एचटीएमएल टॅगलाच पांढरा रंग देते. लांब पानांवर काही कळलं नाही. संपर्काचं पान मात्र चार ओळींचं. तिथे फिका पिवळा त्या चार ओळींपुरताच, खाली सगळं पांढरं, आणि कडेला चारी बाजूंनी पांढरी किनार. मुलाचा मेसेज आला, "ताई, रंग अर्ध्यातच संपलाय."

कारण असं. बॉडी हा मजकुराएवढाच चौकोन असतो, आणि ब्राउझर त्याच्याभोवती आपणहून ८ पिक्सेलची समास-जागा सोडतो. तरी बॉडीचा रंग एरवी पूर्ण खिडकीभर पसरतो, कारण सगळ्यात बाहेरच्या एचटीएमएल टॅगला स्वतःचा रंग नसेल, तर ब्राउझर बॉडीचा रंग उचलून अख्ख्या पडद्याला देतो. एचटीएमएल टॅगला रंग दिला की ही सोय बंद. मग पडदा त्याच्या रंगाचा आणि बॉडी आपल्या चौकोनापुरती. माझी ती पांढरी ओळ काढली, रंग खालपर्यंत गेला. अनेकजण इथे बॉडीची उंची १०० टक्के करत बसतात. मीही सुरुवातीच्या वर्षांत करत असे. आजाराचं कारण तिथे नसतं.

जुन्या प्रतीचा त्रास टाळायला स्टाइलशीटच्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह आणि आवृत्तीचा आकडा जोडला. पत्ता बदलला की ब्राउझर फाइल नव्याने मागवतो.

निकाल

अमृतमहोत्सवाच्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशी साइट तयार होती. पट्टी केशरी, पान फिकं. फोन थांबले. ग्रंथपाल बाईंनी इतकंच सांगितलं की आता वेळापत्रक मोबाइल न वाकवता वाचता येतं.

एक तक्रार मात्र आली. अध्यक्षांनी सूचनेचं पान छापून फलकावर लावायला दिलं आणि कागदावर केशरी पट्टीच नव्हती. ब्राउझर पानामागचे रंग आपणहून छापत नाही. छपाईच्या खिडकीत पार्श्वभूमीची खूण करावी लागते. ती कशी करायची ते बाईंना दाखवलं, आणि टोनर किती जाईल तेही सांगितलं. फलकावर पांढऱ्या कागदाचीच सूचना राहिली.

निमंत्रणाचा ईमेल याच रंगांत पाठवायचा ठरला, तेव्हा बीजीकलर परत आला. विंडोजवरचं क्लासिक आउटलुक २००७ पासून ईमेल दाखवायला वर्डचं इंजिन वापरत आलं आहे आणि सीएसएसच्या बाबतीत ते खोडकर आहे. ईमेलमध्ये तक्त्याच्या चौकोनाला बीजीकलर देणं हीच तिथली भरवशाची रीत. मी वेबपानांतून तो काढायला एक अख्खी संध्याकाळ घालवली होती आणि त्याच आठवड्यात हाताने तो पुन्हा लिहीत होते. मुलाला हे बघून फार आनंद झाला.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, पांढरं करून मग विचार. हे वर आलंच आहे.

ठराव रंगाचा न होता हेतूचा व्हायला हवा होता. 'अमृतमहोत्सव साइटवर दिसावा' असं लिहिलं असतं, तर पट्टीची कल्पना पहिल्याच दिवशी निघाली असती. 'साइट केशरी करावी' असं लिहिल्यामुळे त्यापेक्षा कमी केलेलं काहीही तडजोड वाटत राहिलं. बैठकीत मी नव्हते, पण नंतर तरी पहिला प्रश्न 'का' हा विचारायला हवा होता. मी थेट 'कुठला' विचारला.

मुलाच्या बाजूने बघता, एका फाइलीवर करून पाहणं आणि मग ३८ वर, एवढं पुरेसं होतं. तो आपल्या संगणकावर ती फाइल ब्राउझरमध्ये नुसती उघडूनही बघू शकला असता, सर्व्हरवर चढवायची गरजच नव्हती. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. कॉलेजात त्याला जावा आणि डेटाबेस शिकवतात. एचटीएमएलचं पान ब्राउझरमध्ये ओढून टाकलं की उघडतं, हे सगळ्यांना ठाऊकच असेल असं सगळे धरून चालतात.

डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचा तपासनीस वापरला असता तर त्याने बॉडीवरचा बीजीकलर कालबाह्य असल्याचं पहिल्याच फटक्यात सांगितलं असतं. ब्राउझर असं काही सांगत नाही. पण खरं सांगायचं तर, त्या दिवशी तो सल्ला वाचून मुलगा फार पुढे गेला असता असं मला वाटत नाही. त्याला रंग हवा होता, इतिहास नाही.

शिवाजी फॉन्टची दोन पानं अजून पांढरीच आहेत. ती युनिकोडमध्ये नव्याने टंकायची आहेत, आणि ते काम कोणाकडे द्यायचं हे पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर आहे. बाकीच्या साइटचा रंग पुढच्या वर्षी तो मुलगा एकटा बदलेल. स्टाइलशीटमध्ये त्या ओळीच्या वर त्याने स्वतःसाठी शेरा लिहून ठेवला आहे: "नाव यादीत आहे का बघ. सॅफ्रॉन नाही."